भिंतीवरच्या घड्याळाची साक्ष

निवृत्तीनंतर मी पत्रे लिहितो. त्याआधीही लिहीतच होतो; फरक इतकाच, की तेव्हा त्याचा पगार मिळत असे. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या कार्मिक विभागात आरोपपत्रे, चौकशीच्या नोटिसा आणि खुलासा मागवणारी पत्रे लिहिण्यात माझी एकतीस वर्षे गेली. दरम्यान संध्याकाळच्या वर्गांना बसून मी कायद्याची पदवी घेतली. सनद मात्र घेतली नाही. आमच्या सौभाग्यवतींचे यावर मत असे, की बरे झाले, नाहीतर घरात जेवणालाही तारीख पडली असती.

दिघीत आमच्या वसाहतीचा रस्ता मोठ्या रस्त्याला जिथे मिळतो, त्या तोंडाशी एका कंपनीने ठेकेदाराकडून घेतलेली बस उभी राहत असे. सकाळी पहिल्या पाळीची माणसे उचलून ती चाकणला जाई, तिथून रिकामी परत येई आणि दुपारच्या पाळीची वेळ होईपर्यंत आमचे तोंड अडवून उभी राही. पाण्याच्या टँकरला वळण मिळत नसे, शाळेच्या रिक्षा उलट्या मागे घ्याव्या लागत. या विषयावर मी दोन वर्षांत तेवीस पत्रे लिहिली. प्रत्येक पत्रासोबत बसची छायाचित्रे परिशिष्ट म्हणून जोडली आणि प्रत्येकाची स्थळप्रत फाईलला लावली. ज्याची स्थळप्रत नाही ते पत्र लिहिलेच गेले नाही, अशी माझी धारणा आहे.

बसचा चालक चाकणच्या अलीकडल्या एका गावचा, शेतकरी घरातला, पंचेचाळिशीचा माणूस. माझ्या पत्रांची त्याला पूर्ण कल्पना होती. मी फोन उंच धरून बसचा फोटो काढू लागलो की तो खिडकीतून डोके बाहेर काढी.

"काका, थांबा जरा. काच पुसून घेतो. मागल्या खेपंला फोटू मळका आला व्हता म्हनं."

"गाडी हलवा, म्हणजे फोटोची गरज पडणार नाही."

"हलवतो की. पर कुठं नेऊ ती बी लिव्हा पत्रात."

या प्रश्नाचा राग मी चोविसाव्या पत्रात काढणार होतो. तेवढ्यात एका वृत्तवाहिनीतून फोन आला.

बोलणारी बाई कार्यक्रमाची निर्माती होती. आवाजावरून तिशीची असावी. रस्त्यांवर उभ्या राहणाऱ्या कंपनीच्या बसगाड्यांवर चर्चेचा कार्यक्रम होता. माझ्या पत्रांच्या प्रती मीच त्यांना पाठवत असल्यामुळे त्यांना मी माहीत होतो. "सर, स्टुडिओत यायची गरज नाही," ती म्हणाली. "घरूनच बोला, मोबाइलवरून. सोमवारी संध्याकाळी सव्वापाचला लिंक पाठवते. रेकॉर्डिंग लगेच करू, दाखवू रात्री आठला."

घरबसल्या मुलाखत म्हणजे काय प्रकरण असते, हे मला त्या दिवशी कळले. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. म्हणजे सोफा फिरवणे आले. चौकड्यांचा शर्ट नको, पडद्यावर तो थरथरतो. पंखा बंद. कुकर बंद, या एका अटीवर सौभाग्यवतींनी कार्यक्रमाविरुद्ध पहिला आक्षेप नोंदवला. फोन डोळ्यांच्या उंचीवर हवा म्हणून कामगार कायद्याचे सहा जाड खंड एकावर एक रचून त्यावर तो आडवा टेकवला. त्या पुस्तकांचा गेल्या दहा वर्षांतला तो सर्वांत उपयुक्त दिवस असावा.

लिंक जोडल्यावर निर्मातीने माझे चित्र पाहिले आणि म्हणाली, "सर, मागचं घड्याळ तेवढं काढता का?"

"का?"

"आपण आठला दाखवणार. तुमच्या मागे साडेपाच दिसतील."

"साडेपाचलाच बोलणार आहे ना मी? मग साडेपाच दिसायला हरकत काय? आधी मुद्रित केलेली गोष्ट आत्ता घडते आहे असा आभास निर्माण करणे हे प्रेक्षकाची दिशाभूल करण्यासारखे आहे."

मग ती कुणाला तरी म्हणाली, "राहू दे घड्याळ. कोण बघतंय." आणि मला म्हणाली, "सर, एक महत्त्वाचं. तुमच्याकडे प्रश्न थोडा उशिरा पोचतो आणि तुमचं उत्तर इकडे उशिरा येतं. म्हणून घाई करू नका. प्रश्न संपला की मनात दोन आकडे मोजा, मग बोला. नाहीतर दोघांचं बोलणं एकमेकांवर चढतं. आणि पडद्यावर बघू नका, वरच्या बारीक भिंगाकडे बघा."

मी सूचना तंतोतंत पाळल्या. एकच सुधारणा केली. दोनऐवजी चार आकडे मोजले. विचार करून बोलणाऱ्या माणसाला दोन पुरत नाहीत.

सूत्रसंचालक बोलके गृहस्थ होते. तीन प्रश्न नीट पार पडले. चौथ्या प्रश्नाला त्यांनी विचारले, "हे बसवाले गाडी भर रस्त्यात तासन्‌तास उभी करून ठेवतात, हे तुम्ही स्वतः पाहिलं आहे?" मी भिंगाकडे पाहत चार मोजले आणि म्हणालो, "होय. स्वतःच्या डोळ्यांनी. दररोज. माझ्याकडे लेखी नोंदी आहेत." माझे वाक्य संपते न संपते तोच कानात पुढचा प्रश्न आला, मद्यपान करून बस चालवण्याविषयीचा. त्यावर मी तितक्याच ठामपणे उत्तर दिले. मग आभार मानले गेले, लिंक संपली, पंखा सुरू झाला आणि कुकरची पहिली शिट्टी झाली. मुलाखत उत्तम झाली असे माझे मत होते.

आठ वाजता शेजारची दोन बिऱ्हाडे आमच्या हॉलमध्ये जमली. सौभाग्यवतींनी चिवडा ठेवला होता. माझे पहिले तीन प्रश्न आले. शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. चौथा प्रश्न आला. पडद्यावरचा मी भिंगाकडे पाहत पुतळ्यासारखा बसलेलो. सूत्रसंचालकांनी वाट पाहिली, आवाज पोचत नसावा असे समजून ते पुढच्या प्रश्नाकडे वळले: "बरं, काही ठिकाणी हे चालक दारू पिऊन गाडी चालवतात अशा तक्रारी आहेत. तुमच्याकडे असं आहे का?"

आणि माझा पुतळा जिवंत होऊन म्हणाला, "होय. स्वतःच्या डोळ्यांनी. दररोज. माझ्याकडे लेखी नोंदी आहेत."

"धक्कादायक!" असे म्हणून सूत्रसंचालक दुसऱ्या पाहुण्याकडे वळले. त्यांच्या बोलण्यावर पडदाभर चित्र झळकले ते माझ्या परिशिष्टातले: आमच्या तोंडाशी उभी असलेली बस, ठेकेदाराची पाटी स्पष्ट, आणि खिडकीत काच पुसणारा चालक. माझे खरे उत्तर कुठेच नव्हते.

"अहो," सौभाग्यवती म्हणाल्या, "हे तुम्ही काय बोललात?"

"मी हे बोललो नाही!"

"तोंड तुमचंच होतं."

शेजाऱ्यांनी चिवडा संपवला आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बेल वाजली. दारात चालक उभा होता. दोन वर्षांत मी त्याला बसच्या खिडकीबाहेर कधी पाहिले नव्हते. माणूस पुष्कळ उंच निघाला. तो भांडायला आला असता तर मला बरे वाटले असते. भांडणाला माझी तयारी असते.

"काका," तो म्हणाला, "मी पेताना तुमी कवा बघितलं?"

मी त्याला बसवले, पाणी दिले आणि काय घडले ते क्रमाने सांगितले. तो ऐकत होता. मधेच म्हणाला, "आमच्या घरात कोन घेत न्हाई. माझ्या लग्नात बी न्हाई. त्यावरनं मामा रुसून जेवायचं सोडून गेलं व्हतं, आजूक काढत्यात."

"मग मामांना साक्षीला बोलावू," सौभाग्यवती आतून म्हणाल्या. तो हसला. मग हसणे आवरून त्याने खरी गोष्ट सांगितली. सकाळी ठेकेदाराने त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली होती. कंपनीतून फोन आला होता. दारूच्या बाबतीत कंपनी काही ऐकत नाही. येत्या सोमवारी नवा ड्यूटी तक्ता लागणार होता. तोवर वाहिनीने स्वतः चूक झाल्याचे सांगितले, तर अकरा वर्षांचा त्याचा रूट त्याच्याकडे राहणार होता. नाहीतर तिथे दुसऱ्याचे नाव. "आन् एकदा दारूचं नाव लागलं," तो म्हणाला, "मग पिंपरी काय आन् चाकण काय, कुठलाच ठेकेदार उभा करत न्हाई."

माझ्या उभ्या नोकरीत मी अनेकांना कामावरून दूर करणारी पत्रे लिहिली. प्रत्येकाला आधी खुलाशाची संधी दिली होती. या माणसाला ती मिळाली नव्हती, आणि त्याच्याविरुद्धचा साक्षीदार मी होतो.

"सोमवारपर्यंत सहा दिवस आहेत," मी म्हणालो. "तुम्ही निश्चिंत राहा. हे पत्रावर होईल."

"पत्रावरच तर झालं समदं, काका," तो म्हणाला. पण चहा मात्र पूर्ण प्यायला.

मी वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. त्यात एकोणीस कलमे होती. एक उत्तर एका प्रश्नापासून तोडून दुसऱ्या प्रश्नाला जोडणे हे साक्ष बदलण्याइतके गंभीर आहे, हे कलम सातमध्ये होते. पण खटला जिंकायचा तर पुरावा हवा आणि तो पुरावा, मला वाटले, माझ्याच भिंतीवर टांगलेला होता. सौभाग्यवतींनी कार्यक्रम त्यांच्या फोनवर पुन्हा लावला आणि माझ्या "होय"वर चित्र थांबवले. माझ्या डाव्या खांद्यावर घड्याळ स्वच्छ दिसत होते. पाच वाजून एक्केचाळीस मिनिटे.

"काढा म्हणाली होती ना बाई?" मी म्हणालो. "म्हणून मी काढलं नाही."

कलम अकरामध्ये मी लिहिले: सदर उत्तर मी पाच वाजून एक्केचाळीस मिनिटांनी दिले असल्याचे आपल्याच प्रक्षेपणावरून सिद्ध होते, सबब आपण त्या वेळेचे मूळ मुद्रण तपासावे, म्हणजे ते उत्तर कोणत्या प्रश्नाचे होते आणि त्यानंतर मी काय बोललो, हे आपोआप उघड होईल.

पत्र कोपऱ्यावरच्या दुकानातून ईमेलने गेले, शिवाय पोस्टातून रजिस्टरनेही. गुरुवारी दुपारी उत्तर आले. उत्तर सौजन्यपूर्ण होते, आणि सौजन्याने दिलेला नकार मला सर्वांत जास्त झोंबतो. आपण नमूद केलेल्या वेळचे मुद्रण तपासले. पाच वाजून एक्केचाळीस मिनिटांनी आपण जोडलेले नव्हतात. आपली मुलाखत पाच वाजून तेहतीस मिनिटांनी संपलेली होती. सबब आपली तक्रार नोंद घेऊन निकाली काढण्यात येत आहे.

मला वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखे वाटले. आठ मिनिटे! हजारो प्रेक्षकांनी पाहिलेल्या घड्याळातली आठ मिनिटे या मंडळींनी आपल्या दप्तरातून नाहीशी केली होती. मी त्याच बैठकीत दुसरे पत्र लिहिले. "मूळ अभिलेखात फेरफार" हे शब्द मी अधोरेखित केले, दोनदा. पत्र इतके चांगले उतरले होते की मी ते सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखवले.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण त्या माणसाचं काय झालं मग?"

"तो याच पत्रावर सुटणार आहे."

शुक्रवारी सकाळी तो आला. हाती काम नसलेल्या माणसाचा पोशाख करून आला होता: इस्त्रीचा शर्ट आणि पायांत सॅंडल. मी त्याला दुसऱ्या पत्राची स्थळप्रत वाचायला दिली. त्याने ती बोट फिरवत वाचली, फेरफार या शब्दापाशी थांबला, मग त्याची नजर वर गेली आणि भिंतीवर स्थिर झाली.

"काका, किती वाजलं?"

"समोर आहे की. नऊ दहा."

त्याने खिशातून मोबाइल काढला. पाहिला. पुन्हा भिंतीकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असे काही पसरू लागले की ते हसू आहे हे ओळखायला मला वेळ लागला.

"तुमी बी?"

"मी काय?"

"काका, माझ्या रूटवर समद्या घरांत हेच हाय. मी एक मिन्टापरीस जास्त थांबत न्हाई, म्हनून समदी जनं घड्याळ पुढं करून ठेवत्यात. कुनी पाच, कुनी धा. भोसरीत एक म्हातारी हाय, तिनं ल्येकासाठी पंधरा केल्यालं." त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. "भिंतीवर नऊ वीस, तुमी सांगितलं नऊ धा, आन् हितं बी नऊ धाच. ह्यो कंपनीचा टायम हाय."

स्वयंपाकघरातून आधी एक भांडे पडले, मग सौभाग्यवतींचे हसणे ऐकू आले.

खुलासा करणे भाग आहे. ते घड्याळ मी लग्नानंतर पहिल्या वर्षी घेतले आणि त्याच दिवशी दहा मिनिटे पुढे करून टांगले, कारण कारखान्याची बस कुणासाठी थांबत नसे. निवृत्त होऊन बारा वर्षे झाली तरी ते मागे करावे असे कुणाला सुचले नाही. घरात त्याची अडचणही नव्हती. आम्ही दोघे ते घड्याळ वाचत नव्हतो. वजा करत होतो, आणि ती वजाबाकी इतकी मुरली होती की करतो आहोत हेही कळत नसे. पण तेच घड्याळ फोनच्या पडद्यावर दिसले तेव्हा ते आमच्या भिंतीवरचे राहिले नाही. ते पुरावा झाले. आणि पुरावा मी जसा आहे तसा वाचतो.

पाच एक्केचाळीसमधून दहा गेले, पाच एकतीस. मुलाखत संपली पाच तेहतीसला. वाहिनीच्या दप्तरातले एकही मिनिट हरवलेले नव्हते.

"आता?" चालकाने विचारले.

"आता," मी म्हणालो, "त्यांना चूक कबूल करायला लावायची तर आधी मला करावी लागेल."

ते पत्र लिहायला मला दुपार लागली. पहिले पत्र दोन तासांत झाले होते. लिहून झाल्यावर त्यात चारच वाक्ये उरली होती. माझ्या घरातील घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे, ही बाब माझ्या लक्षात आली नाही. आपण अभिलेखात फेरफार केल्याचा आरोप मी बिनशर्त मागे घेतो आणि त्याबद्दल क्षमा मागतो. सदर उत्तर पाच वाजून एकतीस मिनिटांचे आहे. ते तपासावे, कारण त्यावर एका निर्दोष माणसाची नोकरी सोमवारपर्यंतच टिकून आहे.

सौभाग्यवतींनी कागद उलटून पाहिला. "कलमं कुठायत?"

"नाहीत."

"बरं वाटतंय ना तुम्हाला?" असे म्हणून त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला.

शनिवारी सकाळी फोन वाजला. निर्माती होती. तक्रार विभागाने ती चार ओळींची चिठ्ठी तिच्याकडे पाठवली होती आणि तिने रात्रीच मुद्रण काढून पाहिले होते. प्रत्येक पाहुण्याचा आवाज आणि चित्र त्यांच्याकडे वेगळे साठवले जाते, शेजारी सेकंदासकट वेळ धावत असते. त्यामुळे खरी वेळ कळली की दोन मिनिटांत सापडते, चुकीची असली तर काहीच सापडत नाही. माझ्या फोनमध्ये प्रश्न केव्हा पोचला आणि माझे उत्तर स्टुडिओत केव्हा पोचले, हे तिने दोन्ही बाजू एकमेकींशेजारी लावून पाहिले होते.

"चूक आमची आहे," ती म्हणाली. "एडिटिंगच्या वेळी तुमची बाजू ऐकायला हवी होती. पण सर, एक विचारू? दोन आकडे सांगितले होते मी. तुम्ही किती मोजलेत?"

खोटे बोलण्याची सवय नसली की असे प्रसंग येतात. "चार," मी म्हणालो.

पलीकडे ती हसली नाही, पण तिला कष्ट पडले असावेत. "तरीच."

"तेही लेखी देऊ का?"

"नको, काका!" ती घाईने म्हणाली. या क्षणापासून मी तिचा सर नव्हतो, काका होतो. "तुम्ही नंतर जे बोललात तेही आहे. आम्ही दुसऱ्या पाहुण्याकडे गेलो होतो, पण तुमची लाइन चालू होती. ऐकवते."

तिने लावले. आधी प्रश्न, मग माझे चार आकड्यांचे मौन, मग माझा आवाज. आपण काय बोललो ते मला साधारण आठवत होते, शब्द आठवत नव्हते. ऐकून मी खुर्चीत बसलो. सौभाग्यवतींनी काय झाले म्हणून खुणेने विचारले. मी फोन त्यांच्या कानाला लावला.

यापुढे वाटाघाटी झाल्या. ती म्हणाली, पडद्याखालून पट्टी फिरवू. मी म्हणालो, आरोप जर पडदाभर झाला असेल तर दुरुस्ती पायाशी कशी होईल? त्याच कार्यक्रमात, त्याच वेळी, त्याच सूत्रसंचालकांच्या तोंडून झाली पाहिजे. ती म्हणाली, संपादकांना विचारते. दुपारी परत फोन आला. संपादक तयार झाले होते. "त्यांनी तुमचं चार ओळींचं पत्र दोनदा वाचलं," ती म्हणाली. "एकोणीस कलमांचं अजून वाचतायत."

त्या रात्री आठ वाजता चालक आमच्या हॉलमध्ये बसला होता. शेजाऱ्यांना मी मुद्दाम बोलावले होते. ज्यांच्यासमोर आरोप झाला त्यांच्यासमोर सुटका व्हावी. सूत्रसंचालक सरळ कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाले, की सोमवारच्या कार्यक्रमात दूरच्या जोडणीतील विलंबामुळे आमच्या पाहुण्यांचे उत्तर चुकीच्या प्रश्नाला जोडले गेले. संबंधित चालकाविषयी अशी कोणतीही तक्रार नाही. झालेल्या चुकीबद्दल आम्ही त्या चालकाची क्षमा मागतो. आमच्या पाहुण्यांचे खरे उत्तर असे होते.

आणि पडद्यावर मी आलो, खांद्यावर खोटारडे घड्याळ घेऊन.

"छे, छे! हे साफ चूक आहे. त्या बसच्या येण्यावर मी घड्याळ लावतो. अकरा वर्षे जो माणूस मिनिट चुकत नाही तो पिणारा नसतो. माझी तक्रार बस कुठे उभी राहते याविषयी आहे. ती कोण चालवतो याविषयी माझी काहीही तक्रार नाही आणि कधीही नव्हती."

पडद्यावर जाहिरात लागली तरी चालक तिकडेच पाहत राहिला. तेवीस पत्रांत हे वाक्य कुठेतरी मी लिहिले असेल असे मला सकाळपासून वाटत होते. दुपारी मी सगळी फाईल पालथी घातली होती. कुठेही नव्हते.

अखेर तो माझ्याकडे वळला. डोळे पुसले की नाही ते मी पाहिले नाही, असे मी नोंदवतो.

"काका, एक इचारू? तुमी माझ्या गाडीवर घड्याळ लावता."

"होय."

"आन् ते धा मिन्टं पुढं हाय."

"होय."

"म्हंजे मी अकरा वर्सं धा मिन्टं आधी येतूय का काय?"

शेजारी इतके हसले की ठेकेदाराचा फोन वाजत असल्याचे कुणाच्या लक्षात आले नाही. चालकाने तो दुसऱ्या खेपेला उचलला, उभे राहून ऐकला, तीन वेळा "व्हय" म्हणाला आणि ठेवला. "सोमवारी पहिली पाळी," त्याने सांगितले. "किल्ली उद्या न्यायची." सौभाग्यवतींनी उरलेला चिवडा त्याच्या हातात पुडीत बांधून दिला, मामांना द्यायला म्हणून.

रविवारी मी घड्याळ खाली उतरवून बरोबर करायला घेतले. सौभाग्यवतींनी ते हातातून काढून घेतले. बेचाळीस वर्षांची वजाबाकी आता सोडवणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. सबब मी एका पुठ्ठ्यावर शुद्धिपत्रक लिहून घड्याळाखाली चिकटवले: "सदर घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे. याची साक्ष ग्राह्य धरू नये."

सोमवारी सकाळी मी पाळीच्या वेळेला खाली उतरलो. बसने साडेसहाला तोंडाशी यायचे होते. तिथे पोचलो तेव्हा डबे आणि पिशव्या घेऊन सात-आठ कामगार आधीच उभे होते. मी मनगटावरच्या घड्याळात पाहिले: सहा वीस. माझी वजाबाकी त्या घाईत राहून गेली होती. त्यांची कशी राहिली, हे मला विचारावे लागले नाही.

"काका, तुम्ही पण फर्स्ट शिफ्टला?" एकाने विचारले.

"हजेरीपुरता," मी म्हणालो.

कांद्याच्या दोन गाड्या गेल्या. रस्त्यापलीकडल्या लष्करी तळाच्या भिंतीआड कसली तरी शिट्टी वाजली. साडेसहाला बस वळणावरून आली, आमच्यासमोर थांबली, दार उघडले. काच स्वच्छ पुसलेली होती. चालकाने स्टीअरिंगवरून मला हात केला.

"चढा काका, चाकणला सोडतो!"

"ते राहू द्या. नऊ वाजता परत आल्यावर गाडी कुठे उभी करणार?"

"हितंच की. अजून जागा कुठं लिव्हलीया तुमी?"

"आज लिहिणार आहे. पत्र जाईल."

"जाऊ द्या," दार ओढून घेत तो म्हणाला, "पर टायम मला इचारून टाका."